अपेक्षेचा रकाना

मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आलो त्या वर्षी माझ्या आईला एकच काम होतं: माझं लग्न. नागपूरच्या सायबर कॅफेतून दर शनिवारी ती मुलींचे बायोडेटा स्कॅन करून पाठवायची आणि रविवारी सकाळी फोन करायची. "पाह्यलास का रे फोटो? मुलगी चांगली आहे. चष्मा आहे, पण तो तुलाही आहेच." मी हो हो म्हणायचो आणि सोमवारी ते कागद छापून ऑफिसात न्यायचो, कारण माझ्यापेक्षा जास्त आवडीने ते वाचणारी एक व्यक्ती तिथे होती.

ती माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसायची. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या गोदामाचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं सांभाळायचो. ती पठाण होती. जन्म पेशावरचा, पण चौथ्या वर्षापासून मिशिगनमध्ये वाढलेली. घरी पश्तो, बाहेर इंग्रजी आणि हिंदी सगळी सिनेमातून उचललेली. दोन वर्षांपूर्वीच न्यूयॉर्कचे टॉवर पडले होते, त्यामुळे नव्या माणसाला ती आधी 'मी इथलीच' असं सांगायची आणि बाकीचं हळूहळू. मला मात्र तिने पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. इथे माझ्या मराठीत देतो आहे.

"तुझ्याकडे फाइलभर मुली आहेत यार. माझ्याकडे मोजून चार ऑप्शन आहेत," ती म्हणाली आणि कॅफेटेरियात बोटांवर मोजून दाखवू लागली. "एक, पेशावरचा चुलतभाऊ. फोटो मोटरसायकलला टेकून काढलाय. त्याला मी हवी आहे की माझा पासपोर्ट, हे त्यालाही अजून ठरवता आलेलं नाही. दोन, टोरांटोचा डॉक्टर. त्याची आई फोनवर फक्त कणीक कशी मळतेस ते विचारते. तिला सून नको, तंदूर हवाय. तीन, व्हर्जिनियाचा. तो इथेच वाढला, दहा वर्षं गर्लफ्रेंड्स फिरवल्या, आणि आता गावाकडची साधी मुलगी शोधतोय. म्हणे इथे वाढलेल्या मुली बिघडतात."

"आणि इथे वाढलेले मुलगे?"

"ते डॉक्टर होतात."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी तिला समजावून सांगितली. ती इतकी हसली की तिच्या डब्यातला कबाब माझ्या पोळीवर पडता पडता राहिला. चौथा ऑप्शन म्हणजे लग्नच न करता सगळ्यांच्या मुलांची चॉकलेटवाली मावशी होणं. तो तिला त्यातल्या त्यात बरा वाटायचा.

चुलतभाऊ हा शब्द ऐकून मी पहिल्यांदा ठसकलो होतो. आमच्यात त्याला भाऊबीजेला ओवाळतात, असं मी जरा तोऱ्यातच म्हणालो. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा मात्र कबूल करावं लागलं, की माझी आजी ही आजोबांची सख्खी मामेबहीण होती. त्यानंतर महिनाभर ती मला कझिन म्हणून हाक मारत होती.

दोन वर्षं हे असं चाललं. सोमवार उजाडावा असं वाटणारा त्या ऑफिसात मी एकटाच असेन. मुलींचे फोटो ती मन लावून बघायची, 'ही भांडकुदळ दिसते, हिला हो म्हण' असले सल्ले द्यायची, आणि मी एकेकीला काही ना काही खोट काढून नकार कळवायचो. आई म्हणायची, "काहून रे, तुले अप्सरा पाह्यजे का?" मला काय पाहिजे होतं ते माझ्या शेजारी बसून माझा स्टेपलर चोरत होतं. पण दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तसं माझं झालं होतं. किंवा खरं सांगायचं तर, मला दिसत होतं आणि मी दिवा मालवून बसलो होतो. तिच्यासाठी धर्म बदलावा लागला असता. आईला सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा हसणं सोपं होतं.

एका सोमवारी ती म्हणाली, "मला पण असा एक बायोडेटा करून दे. तुमच्या फॉर्मॅटमध्ये."

मी सगळं काम बाजूला ठेवून तो केला. उंची पाच फूट सहा इंच. वर्ण गोरा. चष्मा नाही. मंगळ म्हणजे काय, तिने विचारलं. मी सांगितलं.

"तुमच्याकडे लग्नात ग्रहसुद्धा बोलतात? आमच्याकडे फक्त काका लोक बोलतात."

मंगळापुढे मी 'सहा काका' असं लिहिलं. रास, गण, नाडी रिकामं सोडलं. सगळ्यात खाली आमच्याकडे अपेक्षांचा रकाना असतो. मुलगा उच्चशिक्षित, निर्व्यसनी, स्वतःचं घर असलेला हवा, वगैरे तिथे लिहितात. तो रकाना तिने मला भरू दिला नाही. कागद ओढून घेतला, पेनने काहीतरी लिहिलं, कागदाची घडी घातली आणि जेवायला बसल्यावर माझ्यापुढे सरकवला.

'शाकाहारी चालेल.'

मी हसलो. पोट धरून, टेबलावर हात आपटून हसलो. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. डोळे पुसून वर पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती. मग तीही हसली, पण जरा उशिरा. "चांगला होता ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, "आजवरचा बेस्ट." तिने कागद परत घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

घरी जाताना बिग बीव्हर रोडच्या सिग्नलला गाडी थांबली आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या घरी मटणाशिवाय पाहुण्याला पान वाढत नाहीत, हे मला तिनेच सांगितलं होतं. दोन वर्षं समोर बसून पोळी-भाजी खाणारा शाकाहारी माणूस तिच्या ओळखीत एकच होता. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला. या देशात हॉर्न म्हणजे शिवीच.

तिला तेव्हाच फोन करायला हवा होता. मी ठरवलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी ती आली ती नेहमीसारखीच. टोरांटोच्या डॉक्टरच्या आईने आता पुलावाची कृती विचारली आहे, म्हणाली. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण सुटल्यासारखंच वाटलं. तिची गंमतच होती, असं मी स्वतःला पटवलं. तिच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट मी हसण्यावारी नेली आणि वर दुपारी तिच्याबरोबर कॉफीही प्यायलो.

तीन महिन्यांनी तिने सांगितलं, की तिने पहिल्या ऑप्शनला, पेशावरच्या चुलतभावाला, हो म्हटलं आहे. त्या रात्री मी रडलो. बैल गेला आणि झोपा केला. तिचे वडील मला हो म्हणाले असते असं मुळीच नाही. बहुतेक त्यांनी मला चहा पाजून दारापर्यंत पोचवलं असतं. पण नाही म्हणायची वेळ मी त्यांच्यावर येऊच दिली नाही, हे मला आजही सलतं. माझं लग्न पुढे रीतसर झालं, बायको गुणी आहे, आणि तरीही सलतं.

लग्नाला गेलो. हॉलच्या मधोमध पडदा होता, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. म्हणजे जिच्यासाठी गेलो ती दिसणारच नव्हती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पलीकडून ढोलकी आणि हसणं ऐकू येत होतं. तिच्या वडिलांनी "बेटा, तू ऑफिसवाला ना?" म्हणत माझा हात धरला आणि मला थेट नवरदेवाच्या शेजारी नेऊन बसवलं.

नवरदेवाला या देशात येऊन तीन आठवडे झाले होते. कोट नवा होता आणि कपाळावर घाम. त्याला नावं ठेवायची मी तयारी करून गेलो होतो, पण तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याची उर्दू, माझी हिंदी.

"तिने तुमच्याबद्दल सांगितलंय," तो म्हणाला. "म्हणाली, मला सगळ्यात जास्त कुणी हसवलं असेल तर यांनी." मग जरा जवळ सरकून, काकांचा डोळा चुकवून, हळूच म्हणाला, "आम्ही फोनवर चारदाच बोललोय. चारही वेळा मागे कुणीतरी खोकत होतं. मला विनोद जमत नाहीत. ती कशावर हसते?"

मी त्याला सांगितलं. कॉफीच्या आधी तिच्याशी बोलू नका. तिची नक्कल केली तर चिडेल, पण तिच्या काकांची केली तर हसेल. गाडी चालवताना रस्ता चुकली तर गप्प बसा. तो परीक्षेला बसल्यासारखा ऐकत होता.

"अजून एक," मी म्हणालो. "ती काही वेळा हसत हसत काहीतरी मागेल. तेव्हा तुम्ही हसू नका. आधी ते देऊन टाका."

त्याने मान हलवली. तेवढ्यात पडद्याजवळून त्याला बोलावणं आलं. तो उठला, कोट खाली ओढला, आणि का कोण जाणे, माझ्याकडे वळून विचारलं, "जाऊ?"

मी म्हणालो, "जा."