उतारावरची पिकअप

आगाशीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एका बाईंची पिकअप मी रोज बसस्टॉपवरून बघतो. तिचा स्टार्टर मेलाय, म्हणून बाई ती उतारावरच लावतात आणि गडगडत सोडून चालू करतात. मासळीच्या खाऱ्या पाण्याने हौदा गंजलाय. भोकांवर फळ्या ठोकल्यात.

परवा एकाने नेमकी पुढ्यात कार लावली, वर सल्लाही दिला, "मावशी, भंगारात काढा ही."

बाईंनी तडकलेले तळवे त्याच्यापुढे धरले. "खाऱ्या पान्यानं माजे हातपन असेच झालेत. तेपन काढू भंगारात? हट, गाडी घे बाजूला!"

त्याने कार बाजूला घेतली. पिकअप गडगडली, खोकली, धडधडत निघाली. तिला मागचं दाखवणारा आरसाच नाही, आणि बाईंचं त्यावाचून कधी अडलेलं मी पाहिलं नाही.