वारूळ आणि माग

पवनीच्या सत्यभामाबाईंचा हातमाग घराच्या पुढच्या खोलीत होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून नवरा रोज सकाळी खड्ड्यात पाणी शिंपडायचा. तो गेला, विणणं थांबलं. शिंपडणं बाईंनी चालू ठेवलं.

मुलाला, भूपेंद्रला, त्या खोलीत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं.

"दसऱ्यापर्यंत एक लुगडं काढून दाखव, माय. नाई तं खड्डा बुजवतो."

बाईंनी मागावर उभ्या सुताचा ताणा चढवला. तेव्हाच मागाच्या खांबावर उधईची, म्हणजे वाळवीची, मातीची नळी दिसली. खरवडली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार.

शेजारची शकुनबाई म्हणाली, "परसातल्या वारुळातून येऊन राहिली ते. नागपंचमीले लाह्या तूच वाहते न? घे आता परसाद!"

दोन दिवस बाईंना जेवण गेलं नाही. मग हात जोडले आणि सबलीनं, लोखंडी पहारीनं, वारूळ फोडलं. आत गवताच्या काड्यांचे बारीक तुकडे साठवलेले. वाटा निघाल्या होत्या त्या बांधाकडे, वाळल्या गवताकडे. घराकडे एकही नव्हती. मागाचा खांब खाणारे हे नव्हतेच.

संध्याकाळी मागावर बसून त्यांनी पायाखालची पावडी दाबली, तसा खांब मधोमध मोडला. बाहेरून सागवान, आतून भुसा. ताणा खड्ड्यात लोंबला. तो उचलायला वाकल्या तेव्हा खड्ड्याच्या ओल्या भिंतीत त्यांना छिद्रं दिसली. पांढरे किडे मातीतून खांबात, खांबातून मातीत ये-जा करत होते. वारुळातल्यांना गवतासाठी बांधापर्यंत जावं लागे. यांचं घर ओलीत आणि ताट वीतभर वर. ती ओल रोज कोणी पुरवली, हे बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

शकुनबाई दारात आली. "देवही गेला, मागही गेला. सत्यभामा, तुह्या दोन्ही पूजा वाचल्या बाई!"

भूपेंद्रनं दसऱ्याची वाट पाहिली नाही. खड्ड्यात मुरूम भरला, ठोकून सपाट केला. बरोबर त्याच जागी प्लायवूडचा नवा काउंटर ठेवला, उधारीवर आणलेला. वारूळ फोडलं म्हणजे उधई संपली, असंच तो धरून चालला होता.

"कशी दिसते दुकान, माय?"

बाईंनी काउंटरच्या पायाशी पाहिलं. छिद्रांबद्दल त्या कोणाला बोलल्या नव्हत्या.

"चांगली दिसते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.