ड्रमवर काही ठेवायचं नाही

आमच्या बँडच्या सरांच्या शोकसभेचं निमंत्रण शाळेने फोनवर पाठवलं. त्यात सरांच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'शिस्तप्रिय क्रीडाशिक्षक'. सरांनी आयुष्यात कुणाला खो-खोचा एक डावसुद्धा शिकवला नाही. बँडशिक्षक नावाची जागाच शाळेत मंजूर नव्हती, म्हणून कागदोपत्री ते पी.टी.चे सर होते. नोकरीभर कागद खोटं बोलला, ते एक वेळ मी समजू शकते. पण माणूस गेल्यावरही तेच? मी चिडून शाळेत फोन केला, तर ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, "आमच्या रेकॉर्डला तसंच आहे." आणि फोन ठेवला.

पुण्यात 'आमच्या शाळेचा बँड' म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे ढोलपथक?" नाही हो, ढोलपथक नाही. बासऱ्या, लहान ड्रम, झांजा, बिगुल आणि मधोमध एक मोठा ड्रम. सर येरवड्याहून सकाळी सायकलवर यायचे, पुढे स्कूटरवर. पहिलं अर्धं वर्ष ते कुणालाही वाद्याला हात लावू द्यायचे नाहीत. आपला भाग आधी तोंडाने म्हणायचा आणि मांडीवर ताल धरायचा. बासरीवाले तोंडाने सूर गायचे, ड्रमवाले 'ढ्रं ढ्रं' करायचे, आणि मैदानाच्या कडेने जाणारे वरच्या वर्गातले आम्हाला चिडवत जायचे. घरी आई विचारायची, वाद्य कधी देणार? मलाही तोच राग होता.

त्याहून राग यायचा तो त्यांच्या 'परत' या शब्दाचा. कुणाचं तरी चुकलं की ते हात वर करायचे आणि आवाज न चढवता म्हणायचे, "परत." मग पहिल्यापासून. कोण चुकलं ते कधी सांगायचे नाहीत. एकदा मीच विचारलं, सर, कोण चुकलं ते तरी सांगा. म्हणाले, "ज्याला कळायचं त्याला कळलंय." आता हे काय उत्तर झालं? बरोबर वाजवणाऱ्याने उन्हात का उभं राहायचं? मी तेव्हाही धुमसत होते आणि आजही हा मुद्दा मला पटलेला नाही.

आठवीत त्यांनी मोठा ड्रम मला दिला. तोवर तो कुठल्या मुलीला दिलेला नव्हता. पट्टे आवळून गळ्यात अडकवला की समोरचं काही दिसायचं नाही. देताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, वाद्य बंद पडलं तरी पाय बंद पडायचे नाहीत. कुणाची काठी मोडो, कातडं फाटो, सगळ्यांनी जागच्या जागी कदमताल करत राहायचं, मोठ्या ड्रमची वाट बघायची. तो आला की सूर उचलायचा. दुसरी, ड्रमवर काही ठेवायचं नाही. डबा नाही, बाटली नाही, टोपीसुद्धा नाही. एकदा पंधरा ऑगस्टला संस्थेच्या अध्यक्षांनी त्यावर नारळाचं ताट ठेवलं. सरांनी ते उचलून अध्यक्षांच्याच हातात दिलं आणि म्हणाले, "जरा धरता का? ज्याच्यावर वस्तू ठेवतात त्याला टेबल म्हणतात." अध्यक्ष झेंडावंदन होईपर्यंत ताट धरून उभे होते.

सर गेल्याचं कळल्यावर मी येरवड्याला त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. घरचा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी बुद्धवंदना घेण्याचा, कार्यक्रम आदल्या दिवशीच झाला होता. मी इकडचं तिकडचं बोलत होते, तेव्हा त्यांनीच मला ती गोष्ट सांगितली. निवृत्तीनंतर सर दरवर्षी शाळेत झेंडावंदनाला जायचे. एका वर्षी तिथे बँडच्या कपड्यांतली मुलं रांगेत उभी होती, गळ्यात ड्रम होते, आणि सूर स्पीकरमधून येत होते. मुलांनी काठ्या कातड्याच्या वर नुसत्या हलवायच्या होत्या. एका मुलीची काठी चुकून ड्रमवर पडली आणि बाईंनी तिला सगळ्यांदेखत झापलं. सर तसेच घरी आले आणि पुन्हा कधी गेले नाहीत.

"मला म्हणाले, पोरीला वाजवलं म्हणून ओरडा बसला," काकू म्हणाल्या. "दोन दिवस नीट जेवले नाहीत. अगं, माझं फार काही म्हणणं नाही. शाळेत सभा आहे ना, तिथे एकदा हाताने वाजवलेलं होऊ दे. एवढंच होऊ दे."

मी म्हटलं, होईल काकू. त्यात काय एवढं.

त्यात काय नव्हतं? मुख्याध्यापिका बाईंना भेटले. त्यांनी चहा मागवला आणि मुलांच्या चाचण्या आहेत म्हणून सांगितलं. बँड बसवायला आता एजन्सीची माणसं येतात, त्यांचं काम फक्त दोन झेंडावंदनांपुरतं. "आणि मॅडम, आपण ट्रॅक ऐकलाय का? इतका क्लिअर आहे! मुलांकडून असं होतं का कधी?" मी म्हटलं, सरांकडून व्हायचं. त्या म्हणाल्या, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती." मग निदान वाद्यं तरी द्या, आम्ही जुने विद्यार्थी वाजवतो. तर ती कोठीत आहेत, कोठीची किल्ली शिपायाकडे आहे, शिपाई रजेवर आहे. मी चहा तसाच सोडून उठले.

जुन्या मुलांच्या ग्रुपवर लिहिलं, तर धडाधड हात जोडलेली चित्रं आली. वाजवायला येतोस का, असं एकेकाला विचारलं की कुणाला मीटिंग, कुणाला गुडघे. एकाने लिहिलं, "अगं, सरांना आता कुठे ऐकू येणार आहे?" त्याला मी ग्रुपमधूनच काढणार होते, पण तो अधिकारही माझ्याकडे नव्हता.

सभेच्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि कपाळात तिडीक उठली. कोठीतून एकच वस्तू बाहेर आली होती. स्टेजवर मधोमध मोठा ड्रम आडवा ठेवलेला, त्यावर पांढरा कपडा, त्यावर सरांचा फोटो, हार, उदबत्तीचं घर. म्हणजे सजावटीसाठी किल्ली सापडली होती! काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

भाषणं झाली. शिस्त, शिस्त आणि शिस्त. एका विश्वस्तांनी सरांच्या आठवणी म्हणून स्वतःच्या अमेरिकावारीचं वर्णन केलं. बँड हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, आता आपण सर्वांनी उभं राहून धून ऐकायची आहे. साउंडवाल्याने फोन जोडला. गुळगुळीत, चकचकीत सूर हॉलभर पसरले. काकू मान खाली घालून उभ्या राहिल्या.

आणि धून मध्येच तुटली. स्पीकरमधून एक बाई अतिशय उत्साहाने सांगू लागली की हिंजवडीपासून अगदी जवळ, दोन आणि तीन बेडरूमचे प्रशस्त फ्लॅट. साउंडवाला फोनवर झेपावला, वायर निघाली, आणि हॉल चिडीचूप.

मग माझ्या मागून आवाज आला. पायांचा. कुणीतरी जागच्या जागी कदमताल करत होतं. मग दुसरं कुणीतरी. मी वळून पाहिलं. गुडघेवाला होता, मीटिंगवाला होता, 'कुठे ऐकू येणार' म्हणणाराही होता. पिकल्या केसांची, सुटलेल्या पोटांची ती माणसं चपला आपटत होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. वाद्य बंद पडलं होतं. मोठ्या ड्रमची वाट बघायची होती.

मी स्टेजवर चढले. समोर फोटो. गेलेल्या माणसाचा फोटो, हारासकट, भर सभेत उचलायचा कसा? इतके दिवस तोंड चालवणारी मी तिथे नुसती उभी राहिले. खाली पाय चालूच होते. तेव्हा काकू उठल्या, सावकाश पायऱ्या चढल्या, उदबत्तीचं घर बाजूला सारलं, फोटो उचलून छातीशी धरला आणि कपडा ओढून काढला. मग तिथल्याच खुर्चीवर फोटो मांडीवर घेऊन बसल्या.

ड्रम वाजवायचा दांडा कुठे होता कुणास ठाऊक. मी मूठ वळली आणि मारली. दोऱ्या सैल पडलेल्या, कातडं ढिलं. ओल्या गादीवर हात मारावा तसा आवाज आला. तरी खालून सूर उचलला गेला. बासरीवाले तोंडाने गायला लागले, लहान ड्रमवाले पुढच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठी बडवायला लागले. अतिशय वाईट झालं. अर्धे पुढे, अर्धे मागे, एकाचा सूर दुसऱ्याला लागेना, आणि शेवटी माझाच ठोका चुकला. मला कळलं. मुख्याध्यापिका घाईघाईने माइक घेऊन पुढे आल्या, "वा, फारच भावपूर्ण..."

काकूंनी फोटोवरचा एक हात वर केला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "परत."

मुख्याध्यापिका माइक धरून उभ्या राहिल्या. आम्ही पहिल्यापासून घेतलं.