डाव्या काचेवरची वाफ

बाबा गेल्यानंतर सातव्या आठवड्यात आमच्या गाडीतलं पाणी कमी होऊ लागलं. गाडी डिझेलची, एकोणीस वर्षांची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आईला डायलिसिससाठी श्रीवर्धनहून माणगावला न्यायचं असतं, जायला दीड तास. वाटेत घाट आहे. म्हणून इंजिनचं पाणी मी रोज सकाळी बघतो आणि संध्याकाळी गाडी थोडी फिरवून ठेवतो.

शनिवारी पातळी खुणेच्या बोटभर खाली होती. औषधाच्या मापाने इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरलं, दीडशे मिलिलिटर. रविवारी पुन्हा दीडशे. सोमवारी एकशे साठ. गाडीखाली पुठ्ठे अंथरून ठेवले होते, ते तिन्ही दिवस कोरडे. पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा. इंजिन ऑइल स्वच्छ, सायलेन्सरला पांढरा धूर नाही. चारशे साठ मिलिलिटर पाणी कुठेही न सांडता नाहीसं झालं होतं.

मंगळवारी आई गाडीजवळ आली आणि थांबली. पुढची काच डाव्या बाजूला आतून धुरकटली होती. माझ्या बाजूला स्वच्छ. दारं कुलूपबंद होती, चावी माझ्या खिशात. बंद गाडीत माणूस बराच वेळ बसून राहिला की समोर श्वास साचतो, तसा तो डाग होता, आणि बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. डावीकडे बाबा बसायचे.

"न्यायला आलेत," आई म्हणाली. दूधवाला आलाय असं सांगावं, तशी.

"कोण?"

"कोण काय इचारतोस? आता उगाच सुया कशाला टोचून घेऊ? मी न्हाय येत."

आणि ती घरात निघून गेली. मी समजावलं, ओरडलो, काही उपयोग झाला नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, एक खेप चुकली तर कसंबसं निभेल, शुक्रवारची चुकवू नका. आईचं वजन मी रोज घेतो. मंगळवारी पन्नास किलो दोनशे ग्रॅम होतं, बुधवारी पन्नास किलो नऊशे. तिच्या अंगात पाणी साठत होतं आणि गाडीतलं जात होतं. दोन्ही आकडे मी एकाच वहीत लिहीत होतो. ते शेजारी शेजारी बघवेनात.

काच पुसली होती, पण पुसून जाईना. हाताला चिकट लागत होती आणि गाडीत काकवीसारखा गोडसर वास होता. बुधवारी सकाळी डाग पुन्हा तिथंच. मग मी बाबांच्या सीटवर बसून बघायचं ठरवलं. बसलो, पाय खाली टेकवले, तर पायाखालची चटई ओली. वाडीतून पाय धुऊन आलेला माणूस नुकताच उठून गेला असावा, तशी. बाबा तसेच ओल्या पायांनी बसायचे. मी खाली उतरलो. वहीत काय लिहावं ते सुचलं नाही.

गुरुवारी गाडी बाजारातल्या मेकॅनिककडे नेली. त्याने रेडिएटरच्या तोंडाला हवेचा हातपंप लावला, दाबाचा काटा एकवर नेला आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. काटा सावकाश खाली येत होता. बाहेर थेंबही नाही.

"म्हणजे आत जातंय, दादा."

"आत कुठं?"

"जिथं तुम्ही कधी बघत नाय तिथं. हीटर."

"हीटर मी एकदाही लावलेला नाही."

"तुम्ही नाय लावला तरी पाणी तिथून फिरतंच. आपल्याकडं हीटर लावतो कोण? म्हणून तर कुणाला आठवत नाय."

डॅशबोर्डखालून त्याने हीटरची वहीएवढी जाळी काढली, पाणी फिरतं ती. कोपऱ्यात टाचणीएवढं भोक होतं, त्याच्याभोवती पांढरा थर. तो त्याने नखाने खरवडला.

"मीठ चढलंय. खारं पाणी कोण घालत होतं?"

निघण्याआधी बाबा वाडीतल्या विहिरीचं तांब्याभर पाणी रेडिएटरमध्ये ओतायचे. विहीर समुद्राच्या अंगाची, पाणी मचूळ. नळाचं गोडं पाणी यंत्राला कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यावर मी सगळं उपसून कूलंट भरलं. त्याने आतला गाळ सुटला आणि बुजलेलं भोक उघडं पडलं, असं मेकॅनिकने सांगितलं. गरम कूलंट तिथून डावीकडच्या चटईवर गळत होतं आणि त्याची गोडसर, चिकट वाफ वरच्या काचेवर बसत होती.

त्याने जाळीकडे जाणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडले, क्लिपा आवळल्या. पुन्हा पंप लावला. दहा मिनिटं घड्याळ धरलं, काटा हलला नाही.

जाळी मी घरी आणून आईपुढे ठेवली. नुसतं भोक दाखवून भागलं असतं. पण अर्धं सांगणं मला जमत नाही. सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यांनीच केलं," ती म्हणाली.

"हो."

तिने जाळी हातात घेतली. शुक्रवारही हातचा गेला, असं मला वाटलं.

"माझा पितळेचा तांब्या न्यायचे त्याला," ती म्हणाली. "परत जाग्यावर कधी ठेवला न्हाय." मग जाळी उलटी करून पाहत, "न्यायला आलेला माणूस गाडी मोडल का रे?"

"नाही मोडणार."

"मग झालं तर."

शुक्रवारी पातळी खुणेवर होती, काच स्वच्छ. आईने मागचं दार उघडलं.

"पुढं बस ना, पाय लांब करता येतील."

"तिथं कशी बसू?" ती म्हणाली आणि मागे बसली.

म्हसळ्याच्या पुढे आलो. चढण लागल्यावर आई माझ्या शेजारच्या सीटकडे वाकून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मोडलीत ती मोडलीत. पोराला आठवडाभर राबवलंत. आता गप बसा. मला दवाखान्यात जायचं हाय."

तापमानाचा काटा मध्यावर होता. घाट संपेपर्यंत मी काट्याकडे पाहिलं आणि रस्त्याकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं नाही.