उजवीकडून भरलेली पेटी

आमच्या नणंदबाई दगड वाचतात. थट्टा नाही, खरंच! यंत्राने जमिनीत खोल भोक पाडून दगडमातीचा लांब दांडा बाहेर काढतात, त्याचे तुकडे वरून खाली अशा ओळीने पेटीत मांडतात, आणि त्यावरून जमिनीच्या पोटात काय दडलंय ते बाई सांगतात. लग्न केलं नाही. माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा काढायची त्याची छाती झाली नाही.

त्यांच्या एका लेखाने भलतंच नाव काढलं होतं. शहराबाहेरचा डोंगरउतार घरं बांधायला पक्का आहे, असं त्यात सिद्ध केलेलं. कुठले कुठले लोक आपल्या लेखांत त्याचा दाखला द्यायचे. या दाखल्यांना सायटेशन म्हणतात, आणि विद्यापीठात माणसाची किंमत म्हणे त्यावरच ठरते. यंदा बाईंना प्राध्यापकपद मिळणार हे सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

आणि ऐन मुलाखतीच्या तोंडावर बाईंनी फोटो काढायला म्हणून त्या लेखाची जुनी पेटी उघडली. पाण्यात गाळ बसतो तेव्हा जाड वाळू आधी तळाशी जाते, बारीक माती वर राहते. पेटीत नेमकं उलटं दिसत होतं. खोदणाऱ्या टोळीने तुकडे उजवीकडून मांडत आणले होते आणि बाईंनी ते डावीकडून वाचले होते! म्हणजे खूप खोल म्हणून सांगितलेला निसरड्या चिकणमातीचा थर खरा तर पायाखालीच होता.

"लेख मागे घेते," घरी येऊन म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "मुलाखत तरी होऊ द्या! इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, आणखी महिनाभर नाही कळलं तर काय बिघडतंय?"

"अगं, तिथे पाया खणायला घेतलाय. पोरंबाळं असलेली माणसं राहायला येतील."

कपाळ माझं! मी उठून पानं वाढायला घेतली.

विभागप्रमुखांनीही माझंच म्हणणं त्यांना ऐकवलं, फक्त गोड शब्दांत. बाईंनी त्याच दिवशी लेख मागे घेतला आणि बांधकामवाल्यांनाही कळवलं. काम थांबलं. त्या लेखाचे सगळे दाखले मोजणीतून बाद झाले.

मुलाखतीला मी सोबत गेले. बाहेर बाकावर बसले होते. दार धड लागत नव्हतं, आणि माझे कान काही मी घरी ठेवून आले नव्हते.

"तुमचा सगळ्यात गाजलेला लेख तुम्हीच रद्द केलात," विभागप्रमुख म्हणाले. "आता दाखवण्यासारखं उरलं काय तुमच्याकडे?"

"पेट्या," बाई म्हणाल्या. "त्याच टोळीने भरलेल्या अजून पुष्कळ आहेत गोदामात. तुमचे लेखही त्यांच्यावरच उभे आहेत, सर. सगळ्या तपासणार आहे मी."

अस्सा अभिमान वाटला मला! टाळ्या वाजवायला हात नुसते शिवशिवत होते.

पद दुसऱ्याला दिलं. मी घरी भांडी आपटली, तोंडाला येईल ते बोलले. बाई मात्र सकाळी नेहमीसारख्या कामावर गेल्या. डबा विसरल्या म्हणून दुपारी मी द्यायला गेले, तर गोदामाला नवंकोरं कुलूप, किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात, आणि बाई दारातच खुर्ची टाकून बसलेल्या.

"अहो, किती वेळ बसणार अशा?" मी विचारलं.

"सर दोन वर्षांनी निवृत्त होतायत," बाई म्हणाल्या. "मला अजून नऊ आहेत. उघड डबा."