रोहिणखेडला दिलेलं बी परत मागताना

हैदराबादहून अकोल्याच्या गाडीत बसलो तेव्हाच ठरवलं होतं, ताईला खरं काय ते सांगून टाकायचं. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी, मोबाईलवर लिहितोय. चुका पोटात घाला.

तेव्हा मी हैदराबादजवळच्या एका काचघरात रोपांना पाणी द्यायचो. तिथले साहेब लोक भेदऱ्याच्या, म्हणजे टमाट्याच्या, जनुकात बदल करून त्यातलं क जीवनसत्त्व वाढवत होते. तपासण्या संपल्या नव्हत्या, म्हणून फळ सोडा, एक बीही बाहेर न्यायची मनाई. निघताना कपडे झटकून बघत, रुमाल कोणी बघत नसे. दिवाळीत मी रुमालात बी बांधून नेलं. ताईला म्हटलं, साहेबांनी बक्षीस दिलं, याच्यात लिंबापेक्षा ताकद आहे. गावात मला कोणी हिंगलत नव्हतं, विचारत नव्हतं, म्हणून ही फुशारकी.

मग फाल्गुनात तिचा फोन आला, "तुह्या भेदऱ्याचं बी धरलं. मांगाले बाया येऊन राह्यल्या." मी सुट्टी टाकून गाडी धरली.

तुम्हाला ताईच्या गावी, रोहिणखेडला जायचं असेल तर अकोल्याहून रेल्वेनं मलकापूर, तिथून मोताळ्याची एसटी. मोताळ्याच्या बाजाराचा दिवस मात्र टाळा. मी नेमका त्याच दिवशी गेलो, मांडीवर कोणाची तरी कोंबडी घेऊन. स्टँडवर आलूबोंडा खा, वीस रुपयांत पोट भरतं. पुढं रोहिणखेडला ऑटो. गावातली जुनी दगडी मशीद बघाच, भर दुपारी आत गार असते. मी तिथंच तासभर बसलो. ताईच्या दारात पाय जाईना.

"काऊन रे सुन्या, न सांगता आला?" म्हणत तिनं भरीत न् कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर वाढली. शेजारी त्याच भेदऱ्यांची चटणी. मी ताट सारलं आणि सांगून टाकलं.

"म्हंजे चोरून आनलं?"

"हाव."

"आमी खाल्ले ना बे ते! काही होते का?"

"बहुतेक नाही. पन तपासल्याबिगर कोनाले सांगता येत नाही."

ती उठली. लगडलेली रोपं उपटून उन्हात वाळायला टाकली, फळं मोठ्या गंजात घालून उकळली. मग चपला घातल्या.

आमच्याकडे बाईनं बियासाठी पदर पसरला की नाही म्हणत नाहीत, आणि दिलेलं बी कधी परत मागत नाहीत. ताईच्या घरचं बी बाया दरसाल नेत, हे तिनं तीन घरी दिलं होतं. पहिल्या दोघींनी राखेत चोळून ठेवलेल्या पुड्या आणून दिल्या. एक हसलीच, "दिलेलं वापस मांगते व माय? तुले कमी पडलं का?"

तिसरी कमलमावशी म्हणाली, "म्या तं लेकीले धाडलं डोनगावले. तिनं पेरलंबी."

मग तिनं विचारलं, "पन झालं काय?"

मी ताईच्या मागं उभा होतो. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी खाली बघत राहिलो.

ताई म्हणाली, "काही नाही व मावशी, माह्याच बियात खोट निघाली."

घरी येऊन तिनं त्या पुड्या चुलीत टाकल्या.

हैदराबादला येऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांची माणसं डोणगावला गेली, रोपं काढून आणली. माझं काम गेलं, ते बरोबरच झालं. आता इथंच एका गोदामात पोती उचलतो. साहेबांपुढं खरं बोललो, मावशीपुढं नाही, हे मात्र आतून जात नाही. म्हणून इथं लिहितो: खोट ताईच्या बियात नव्हती.

परवा फोनवर विचारलं, यंदा बी कोणाकोणाला दिलं?

"यंदा कोनी मांगालेच नाही आलं रे," ती म्हणाली, आणि मग, जेवलास का, म्हणून विचारलं.