कारिनबाई देश पाहायला आल्या

नागपूर विमानतळावरून गाडी वर्ध्याच्या रस्त्याला लागली तेव्हा मी चांगलाच धास्तावलो होतो. शेजारी डेन्मार्कच्या कारिनबाई. आपल्या कंपनीचं सॉफ्टवेअर कोणत्या देशातून बनवून घ्यायचं, हे त्या ठरवणार होत्या. आधीच्या कंपनीने त्यांचं काम मध्येच सोडलं होतं. पोलंड पाहून झाला होता, व्हिएतनाम आवडलं होतं, भारत शेवटचा. मी त्यांचा पुण्यातला सल्लागार आणि दुभाष्या.

पाहायची होती मीनलची कंपनी. मीनल माझी जुनी सहकारी. चार मित्रांना घेऊन ती पुण्याहून गावाकडे परतली आणि वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत दोन खोल्यांत ऑफिस थाटलं. हे काम हुकलं तर सगळ्यांना पुन्हा पुणं गाठावं लागणार होतं.

ऑफिसात कारिनबाईंनी बराच वेळ काम पाहिलं. मध्येच वीज गेली, पण कुणी मानही वर केली नाही. सगळं बॅटरीवर सुरूच. पोह्यांवर तर्री (तिखट, लालभडक रस्सा) मात्र बाईंनी भरभरून घेतली आणि उचक्या लागल्या. "व्हिएतनामला असं नव्हतं," एवढंच म्हणाल्या. मी घाईने पाणी पुढे केलं.

जेवण अल्लीपूरला, मीनलच्या घरी होतं. वाटेत कपाशी फुटलेली पाहून बाईंनी गाडी थांबवली आणि एक बोंड हाताळून पाहिलं.

पानावर वांग्याची भाजी आली. मीनलच्या आईने, म्हणजे काकूंनी, पाहुणीला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "इचार त्याइले, आधीच्या लोकायनं त्याइचं काम काऊन सोडलं?"

"काकू, त्या आपल्याला पाहायला आल्यात."

"मंग आमी त्याइले नाई पाहाचं का? स्थळ आलं त दोन्हीकडून चौकशी होते."

मीनलने डोळे मिटून घेतले. मी चाचरत भाषांतर केलं. बाईंनी घास खाली ठेवला.

"आम्ही सारख्या मागण्या बदलायचो," त्या हळूच म्हणाल्या. "रात्री-अपरात्री फोन करायचो. वैतागून गेले ते. हे मला दुसऱ्या कुठल्याच देशात कुणी विचारलं नाही."

मी काकूंना सांगितलं.

"खरं बोलली बाई. मीनल, वाढ वं तिले एक पोळी."

परतीच्या वाटेवर मला हसू येत होतं. दर, इंग्रजी, वेळेतला फरक, सगळ्याची तयारी करून मी आलो होतो. काकूंची तेवढी केली नव्हती.

विमानतळावर कारिनबाई म्हणाल्या, "माझं ठरलंय. त्यांचा होकार कधी कळेल?"

मी तिथूनच मीनलला फोन लावला. बातमी ऐकून ती रडायलाच लागली. मागून काकूंचा आवाज आला, "बाईले सांग, दिवाळीले येजो म्हणा."